मायक्रोस्टेपिंगच्या तक्रारी: घरगुती सीएनसी मिलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी छोटी सीएनसी मिल, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू-लाकूड कोरणारं यंत्र, वेंगुर्ल्याकडच्या एका मांगरात आहे. तीन नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरा, टेबल सरकवणारे १६०५ बॉलस्क्रू, ॲल्युमिनियमचा बेड आणि भिंतीपलीकडे खारा वारा. देवगडपासून गुहागरपर्यंतची हौशी मंडळी मला जे प्रश्न पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एक विनंती: ड्रायव्हरवरच्या, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या बोर्डावरच्या, स्विचांना हात लावण्याआधी प्रश्न ६ वाचा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

१. मायक्रोस्टेपिंग म्हणजे नेमकं काय? मोटर तर २०० स्टेपचीच असते ना?

हो, २०० चीच. आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक मोटरा १.८ अंशांच्या असतात, म्हणजे एका फेरीला २०० फुल स्टेप. आत दोन कॉइल असतात. फुल स्टेपमध्ये ड्रायव्हर करंट एकदम उलटवतो आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, खटकन पुढच्या जागी जातो. मायक्रोस्टेपिंगमध्ये तो एका कॉइलचा करंट थोडाथोडा उतरवतो आणि दुसरीचा तसाच चढवतो. रोटर दोघींची ओढ जिथे सारखी होईल तिथे उभा राहतो. १/१६ वर फेरीला ३२०० जागा मिळतात.

खाडीत दोन बाजूंना दोर बांधून उभी केलेली होडी डोळ्यांसमोर आणा. एक दोर सैल केला, दुसरा ताणला की होडी सरकते, हव्या त्या जागी थांबते. पण ती खुंटीला टेकलेली नसते. लाट आली की हलतेच. मायक्रोस्टेपची जागा अशी तोलावरची असते.

२. १/३२ वर ठेवलं तर अचूकता दुप्पट होईल ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त वाद होतात.

१६०५ स्क्रूची लीड, म्हणजे एका फेरीत नट सरकतो ते अंतर, ५ मिमी. १/१६ वर एक मायक्रोस्टेप कागदावर ०.००१६ मिमी येतो, १/३२ वर ०.०००८. पण मोटरची स्वतःची चूकच साधारण फुल स्टेपच्या ५ टक्के धरतात, म्हणजे आपल्या स्क्रूवर ०.००१२ मिमी. शिवाय रोटर एका मायक्रोस्टेपने मागे राहिला तर त्याला पुढे ओढणारा जोर फार थोडा असतो. १/२ वर तो होल्डिंग टॉर्कच्या, म्हणजे उभ्या मोटरच्या धरून ठेवण्याच्या ताकदीच्या, सुमारे ७१ टक्के, १/८ वर १९.५ टक्के, १/१६ वर ९.८ टक्के आणि १/३२ वर ४.९ टक्के. नट आणि गाइडचं घर्षण त्याहून जास्त असेल, तर पहिला स्पंद (एका मायक्रोस्टेपचा निरोप) येतो, रोटर जागचा हलत नाही. दुसरा येतो, तरी नाही. तिसऱ्याला एकदम उडी मारतो.

खोटं वाटत असेल तर डायल (बारीक सरकणं काट्याने दाखवणारं मापक) लावा आणि टेबल ०.००२ मिमीने दहा वेळा पुढे न्या. हजारांशाचा डायल हवा. काटा कसा थांबत-उडत जातो ते दिसेल.

यावरून ‘१/१६ केलं की मोटरची ताकद दहा टक्क्यांवर येते’ असंही पसरलं आहे. तेही चूक. मोटरचा पूर्ण टॉर्क तसाच राहतो. जोर लावला की रोटर थोडा मागे पडतो आणि मागे पडेल तसा जोर वाढत जातो.

मायक्रोस्टेपिंगचा खरा फायदा म्हणजे यंत्र गुळगुळीत चालतं, आवाज कमी होतो, संथ वेगातली थरथर जाते. बॉलस्क्रूवर १/८ किंवा १/१६ पुरे. अचूकतेचीच हौस असेल तर हे लक्षात घ्या: ३०० मिमी ॲल्युमिनियम १० अंशांनी तापलं की जवळपास ०.०७ मिमी वाढतं. सकाळी आणि दुपारी दोनला मांगरात मोजून बघा.

३. स्टेप्स पर एमएमचा आकडा कसा काढायचा?

फेरीच्या स्टेप गुणिले मायक्रोस्टेप, भागिले लीड. ५ मिमी लीड आणि १/१६: २०० × १६ ÷ ५ = ६४०. जीआरबीएलमध्ये, म्हणजे कंट्रोलर बोर्डावरच्या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तो $१००, $१०१, $१०२ या सेटिंगमध्ये जातो.

लहान यंत्रांवरचे टी८ स्क्रू दिसायला सारखेच असतात, पण लीड २, ४ किंवा ८ मिमी असू शकते. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघून फसू नका. स्क्रूची एक पूर्ण फेरी हाताने फिरवा आणि नट किती सरकला ते मोजा.

स्टीलच्या पट्टीने मोजून ६४० चे ६४३ करणारे बरेच भेटतात. करू नका. १०० मिमीला अर्धा मिमी फरक येत असेल तर दोष बहुधा मोजण्यात किंवा बॅकलॅशमध्ये, म्हणजे दिशा उलटताना जाणवणाऱ्या ढिलाईत, आहे. आकडा वाकवून तो लपतो, जात नाही.

४. ड्रायव्हर बदलला, बाकी काहीच केलं नाही, तर यंत्र निम्मंच अंतर जातं. का?

ए४९८८ जातीचा ड्रायव्हर काढून डीआरव्ही८८२५ बसवला असणार. शील्डवर, म्हणजे ड्रायव्हर बसतात त्या बोर्डावर, मायक्रोस्टेप ठरवणारे तिन्ही जंपर लावलेले असले की पहिला १/१६ देतो आणि दुसरा १/३२. तेवढ्याच स्पंदांत अंतर निम्मं. डीआरव्हीवर १/१६ हवं असेल तर फक्त तिसरा जंपर, म्हणजे मोड २, ठेवा आणि बाकीचे दोन काढा.

टीएमसी२२०९ या ड्रायव्हरचा हिशेब आणखी वेगळा. स्वतंत्रपणे वापरताना एमएस१ आणि एमएस२ या पिना दोन्ही खाली (शून्य व्होल्टवर) असल्या तर १/८, दोन्ही वर असल्या तर १/१६, फक्त एमएस१ वर असली तर १/३२ आणि फक्त एमएस२ वर असली तर १/६४. इथे ‘काहीच लावलं नाही म्हणजे फुल स्टेप’ हे गृहीतक आपटतं.

ड्रायव्हर तोच आहे आणि अंतर अचानक दुप्पट किंवा चौपट झालं, तर एखादा जंपर टेकत नाहीये. पितळी पिना काळ्या पडतात. जंपर दोन-तीनदा काढ-घाल करा, नाहीतर नवा लावा. डिप स्विचवाल्या डब्यांत वीज बंद करूनच स्विच बदला. काही ड्रायव्हर सेटिंग सुरू होताना एकदाच वाचतात.

५. मोटर नुसती गुरगुरता, फिरना नाय. काय करू?

मालवणहून अगदी याच शब्दांत आलेला प्रश्न, म्हणून तसाच ठेवला.

बहुतेक वेळा एका कॉइलची तार दुसरीच्या जागी गेलेली असते, किंवा एक कॉइल तुटलेली असते. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक मोटरचे वेगळे. मोटर ड्रायव्हरपासून सोडवा आणि कुठल्याही दोन तारा एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा. जड लागला तर ती एक जोडी. उरलेल्या दोन दुसरी जोडी. मल्टिमीटरनेही कळतं, पण ही युक्ती अंधारातही चालते.

वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नका, सैलही सोडू नका. कॉइलमधला करंट एकदम तुटला की उसळणारा व्होल्टेज ड्रायव्हर मारतो. एक मारला आहे, म्हणून सांगतो.

जोड्या बरोबर असूनही गुरगुरत असेल तर ॲक्सलरेशन, म्हणजे $१२० ते $१२२, निम्मं करून पाहा. मग प्रश्न ८.

६. माप चुकतंय. मोटर स्टेप खाते आहे की दुसरंच काही आहे, हे कसं ओळखू?

चूक मोजा. आधी मोजा, मग विचार करा, स्विच शेवटी.

दोन वर्षांपूर्वी घराच्या नावाची एक पितळी पाटी करत होतो. अक्षरं दोन पासमध्ये. दुसऱ्या पासला सगळी अक्षरं उजवीकडे सरकली, कडेला पायरी पडली. मी रात्री अकरापर्यंत १/१६ चं १/८ केलं, मग १/३२ केलं, पुन्हा १/१६. तीन पट्ट्या पितळ वाया. सकाळी चहा घेताना शेवटी व्हर्नियर लावला: ०.३० मिमी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मोटर जोराने हरली की ती एखाद-दुसरा मायक्रोस्टेप खात नाही. चुंबकाचं एक पूर्ण चक्र चुकवते आणि ते चक्र चार फुल स्टेपचं असतं. फेरीत अशी ५० चक्रं. म्हणजे ५ मिमी लीडवर प्रत्येक घसरण बरोबर ०.१ मिमीची, ८ मिमी लीडवर ०.१६ मिमीची. माझी ०.३० म्हणजे तीन घसरणी. मायक्रोस्टेपिंग काहीही ठेवलं असतं तरी आकडा हाच आला असता. कारण सापडलं एक्सच्या टर्मिनलमध्ये, ते प्रश्न ११ मध्ये सांगतो.

चुकीचा चेहरा असा वाचा. चूक ०.१ च्या पटीत आणि मध्येच उगवणारी: मोटर हरते आहे. बोथट कटर, जास्त वेग, कमी करंट, सैल तार किंवा गाइडमध्ये अडकलेला धातूचा कीस. चूक अंतराच्या प्रमाणात, म्हणजे १० ला ०.१ आणि १०० ला १.०: स्टेप्स पर एमएम, प्रश्न ३. दिशा उलटली की तेवढीच ठरावीक चूक, अंतर कितीही असो: बॅकलॅश, नट किंवा बेअरिंग. जितक्या वेळा दिशा बदलते तितकी वाढत जाणारी: प्रश्न ७. आणि कुठल्याच पटीत न बसणारी, स्पिंडल सुरू असतानाच येणारी चूक म्हणजे विद्युत गोंगाट. स्पिंडलची केबल आणि स्टेपच्या तारा वेगळ्या वाटेने न्या, केबलची शील्ड, म्हणजे तारांवरची जाळी, एकाच टोकाला अर्थ करा.

कपलरचा, म्हणजे मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा, ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) सैल असला तर चूक कशाही आकड्यांत येते आणि माणसाला वेड लावते. मोटरच्या शाफ्टवर आणि कपलरवर मार्करने एकच सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की चोर सापडला.

७. यंत्र थांबत नाही, आवाज नाही, तरी लांब जॉबमध्ये हळूहळू एकाच बाजूला सरकतं.

ही अवघड केस, कारण मोटर निर्दोष असते. ड्रायव्हरला दिशेचा निरोप स्टेपच्या निरोपाआधी पोचायला हवा. डीएम५४२ सारख्या ड्रायव्हरला त्यासाठी ५ मायक्रोसेकंद लागतात. शिवाय आतल्या ऑप्टोकपलरला, म्हणजे प्रकाशातून निरोप पोचवणाऱ्या भागाला, चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखा वेळ लागत नाही. त्यामुळे दिशा डावीकडून उजवीकडे बदलताना सगळं ठीक आणि उलट बदलताना पहिला स्पंद जुन्याच दिशेने पडतो, असं होऊ शकतं. प्रत्येक येरझारीला दोन मायक्रोस्टेपची चूक, १/१६ वर सुमारे ०.००३ मिमी. दीडशे येरझाऱ्यांत जवळजवळ अर्धा मिमी.

जीआरबीएल मूळ अवस्थेत दिशा आणि स्टेप जवळजवळ एकदमच देतं. कॉन्फिग फाइलमध्ये स्टेप पल्स डिले नावाची बंद ठेवलेली ओळ आहे. ती उघडून १० मायक्रोसेकंद द्या आणि पुन्हा चढवा. त्याआधी $२ तपासा. जोडणी कॉमन ॲनोड (निरोपांची प्लस टोकं एकत्र) असेल आणि स्पंद उलटे करून घेतले नसतील तर ड्रायव्हर स्पंदाच्या चुकीच्या कडेवर हलतो. ३.३ व्होल्टच्या बोर्डावरून ५ व्होल्टचा ऑप्टो चालवणाऱ्यांनी मध्ये बफर टाकावा. त्याशिवाय चालतं, पण चालतं असं वाटतं तेवढंच.

तपासणी सोपी. हवेतच, कटर न लावता, १ मिमी पुढे-मागे ५०० वेळा चालवा आणि आधी-नंतर डायल वाचा.

८. वेग वाढवला की मोटर किंचाळते आणि थांबते.

दोन वेगळी कारणं, दोन्हींचा आवाज सारखाच.

पहिलं: कंट्रोलरची दमछाक. अर्डुइनो उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३० हजार स्पंद देतं. ६४० स्टेप्स पर एमएम आणि मिनिटाला २००० मिमी म्हणजे २१,३३३ स्पंद, ठीक. १/३२ केलं की ४२,६६७. संपलं. मायक्रोस्टेपिंग कमी करा किंवा ३२ बिटचा बोर्ड घ्या.

दुसरं: मोटरच दमते. वेग वाढला की कॉइलमध्ये करंट भरायला वेळ उरत नाही आणि टॉर्क पडतो. यावर इलाज व्होल्टेजचा. मोटरच्या इंडक्टन्सचं, मिलिहेन्रीतलं, वर्गमूळ काढून ३२ ने गुणा. कमाल व्होल्टचा हा ढोबळ नियम. १.६ मिलिहेन्रीला ४० व्होल्ट येतात. डीएम५४२ ची मर्यादा ५० आहे, पण मोटर ब्रेक लावताना वीज परत फेकते, म्हणून ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बरा. नेमा २३ ला १२ व्होल्टवर पळवणाऱ्यांनी बाकी काही तपासण्याआधी हेच बदलावं.

९. करंट किती ठेवू? मोटरला हात लाववत नाही.

स्टेपर तापतेच. बाहेरून ७०-८० अंश बहुतेक मोटरांना चालतात, आणि साठीच्या वर हात टेकवून ठेवता येत नाही. त्यामुळे हात हे वाईट थर्मामीटर.

ए४९८८ वर करंट = व्हीरेफ (करंट ठरवणारा संदर्भ व्होल्टेज) ÷ (८ × सेन्स रेझिस्टर, म्हणजे करंट मोजणारा रेझिस्टर). रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट, ०.०५ चा असेल तर ०.४. बोर्डावर आर१०० की आर०५० छापलंय ते भिंगाने बघा. डीआरव्ही८८२५ वर करंट व्हीरेफच्या दुप्पट. डीएम५४२ वर करंटचे दोन रकाने असतात, पीक (कमाल) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी). मोटरवरच्या आकड्याशी आरएमएस जुळवा. पीकशी जुळवला तर मोटर सुमारे ३० टक्के उपाशी राहते आणि प्रश्न ६ मधल्या ०.१ च्या पटी सुरू होतात.

१०. संथ चालताना कामावर बारीक लाटा उमटतात.

लाटांमधलं अंतर मोजा. ०.१ मिमी असेल, म्हणजे चार फुल स्टेप, किंवा त्याचा निम्मा-पाव भाग असेल, तर मोटर-ड्रायव्हरकडे बघा. ५ मिमी असेल तर स्क्रू वाकडा आहे किंवा कपलर तिरका.

डीआरव्ही८८२५ मध्ये एक जुनी खोड आहे. कॉइलचा करंट शून्याजवळ येतो तेव्हा, विशेषतः कमी इंडक्टन्सची मोटर आणि जास्त व्होल्टेज असताना, तो नीट सांभाळला जात नाही. काही मायक्रोस्टेप जागच्या जागी राहतात आणि मग उडी. शाफ्टवर आरशाचा तुकडा चिकटवा, लेझर पॉइंटर मारा आणि समोरच्या भिंतीवर ठिपका बघत एक-एक मायक्रोस्टेप द्या. ठिपके कुठे गर्दी करतात आणि कुठे पळतात ते भिंतच सांगते. उपाय: व्होल्टेज उतरवा किंवा टीएमसी बसवा. टीएमसी स्पंदांच्या मधली जागा स्वतः १/२५६ पर्यंत भरून काढतो. मिलवर त्याची शांत स्टेल्थचॉप पद्धत मात्र बंद ठेवा आणि त्याची दुसरी पद्धत, स्प्रेडसायकल, वापरा. मिल शांत असण्यापेक्षा ती कापताना हरू नये हे महत्त्वाचं.

११. उन्हाळाभर यंत्र झकास, मिरग लागला की स्टेप खायला लागतं. हवामानाचा काय संबंध?

सगळा संबंध आहे. पुण्याच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

तांब्याच्या तारेचं टोक उघडं ठेवून टर्मिनलच्या स्क्रूखाली दाबलं की खाऱ्या दमट हवेत त्यावर हिरवट कळंक चढतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं. एका कॉइलची वाट अडखळायला लागते, करंट पडतो, दोन दोरांपैकी एक सैल. माझ्या पितळी पाटीचं हेच झालं होतं. स्क्रू काढला तर तारेचे निम्मे केस बोट लावताच पावडर झाले. आता प्रत्येक टोकाला टिन चढवलेलं तांब्याचं फेरूल, म्हणजे छोटी नळी, दाबतो. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. दर गणपतीआधी वीज बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळतो. २०१८ ची थर्माकोल बंदी आल्यापासून एमडीएफच्या मखरांचं काम वाढलंय आणि त्या पंधरवड्यात बिघाड परवडत नाही.

बॉलस्क्रूवर तांबूस ठिपके दिसले की घर्षण वाढलंच म्हणून समजा. पातळ तेल इथे टिकत नाही, ग्रीस वापरा. एमडीएफचा स्पॉइलबोर्ड, म्हणजे कामाखाली ठेवायची फळी, सादळून फुगतो आणि झेडचं माप बदलतं. लोक तोही दोष मोटरवर टाकतात. कंट्रोल बॉक्सला जाळी लावा. पालीने ड्रायव्हरवर टाकलेली घाण चिपच्या पिनांमधून वीज वाहून नेते, आणि कुंभारीण लिमिट स्विचच्या फटीत मातीचं घर बांधते. हे दोन्ही माझ्याकडे झालं आहे.

अर्थिंगचं दुखणं उलट उन्हाळ्यातलं. जांभ्या कातळावरचा अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडा पडतो आणि गोंगाट वाढतो. पाणी घालत राहा.

१२. मध्येच लाईट गेली. परत आल्यावर तिथूनच पुढे चालवू का?

नको. वीज गेली की रोटर मायक्रोस्टेपची तोलावरची जागा सोडतो, आणि आल्यावर ड्रायव्हर आपल्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागी त्याला ओढतो. ही उडी दोन फुल स्टेपपर्यंत, म्हणजे ५ मिमी लीडवर ०.०५ मिमीपर्यंत असू शकते. पुन्हा होमिंग करा, म्हणजे यंत्राला लिमिट स्विचांवर नेऊन त्याची सुरुवातीची जागा शोधू द्या, आणि शून्य कामाच्या कडेवरून परत घ्या. लाकडाला कदाचित कळणार नाही, पितळेला कळतं.

इन्व्हर्टर फक्त कंट्रोलरला देऊन मोटरांचा एसएमपीएस मेनवर ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार: जी-कोड, म्हणजे यंत्राच्या आज्ञांची यादी, चालत राहतो आणि यंत्र उभं.

१३. क्लोज्ड लूप, म्हणजे आपली जागा स्वतः तपासणारी, मोटर घेतली तर हे सगळं सुटेल का?

प्रश्न ६ मधली घसरण सुटेल किंवा निदान अलार्म वाजेल. बॅकलॅश, सैल कपलर, कळकलेल्या तारा आणि प्रश्न ७ मधली दिशेची चूक तशीच राहील. एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा भाग, मोटरच्या मागे असतो, त्याला टेबल दिसत नाही.

१४. सगळं तपासलं, एक्स-वाय चोख, तरी झेड थोडा थोडा खाली येतो.

विश्रांतीत येतो की चालताना, ते आधी बघा. चालताना असेल तर प्रश्न ७. यंत्र उभं असताना येत असेल तर कोणीतरी मोटरचा करंट काढतंय. जीआरबीएलमध्ये $१ ची किंमत २५ असेल तर हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरा मोकळ्या होतात. ती २५५ करा, मग त्या धरून राहतात. ड्रायव्हरवरचा अर्ध्या करंटचा स्विचही पाहा, डीएम५४२ वर तो चौथा. जड स्पिंडलसाठी झेडला पूर्ण करंट ठेवा आणि पंखा लावा. बॉलस्क्रूत घर्षण इतकं कमी असतं की तो वजन स्वतःहून अडवत नाही. ८ मिमी लीडचा टी८ देखील वजनाने उलटा फिरू शकतो.

वीज पूर्ण बंद केल्यावर मात्र कुठलंच सेटिंग कामाचं नाही. रात्री मी स्पिंडलखाली ठोकळा ठेवतो. फणसाचा आहे. आधी एमडीएफचा होता, तो श्रावणात सादळून एवढा फुगला की सकाळी झेडच वर ढकललेला सापडला.